सर्चसाठी लिहिणं वेगळं, सर्चवर लिहिणं वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पत्रकारितेतल्या नव्या वाटांवर अख्खं पान होतं. डेटा जर्नालिझम, फॅक्टचेक, पॉडकास्ट सगळं आलं त्यात, पान चांगलंच होतं. पण खाली कोपऱ्यात एक चौकट होती "सर्च इंजिन पत्रकारिता" नावाची, आणि त्यात लिहिलंय की हेडिंगमध्ये कीवर्ड कसे बसवायचे आणि बातमी गुगलमध्ये वर कशी आणायची हे ज्याला जमतं तो सर्च इंजिन पत्रकार. आधी हसू आलं, मग राग आला. अहो, ते एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) डेस्कचं काम झालं. कोर्टाच्या बातम्या देणारा वार्ताहर आणि कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करून देणारा, दोघांनाही कोर्ट रिपोर्टर म्हणण्यातला प्रकार आहे हा.

मी पत्रकार नाही. लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करतो, बरीच वर्षं झाली. त्यामुळे सर्च इंजिनवर बातमीदारी करणारी जी मोजकी माणसं आहेत त्यांचं लिहिलेलं मी रोज वाचतो, म्हणजे पोटापाण्यासाठीच वाचावं लागतं. त्यातल्या एकाची तरी हकीकत तुमच्या वाचकांना कळावी म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण मधला भाग ठेवा प्लीज.

डॅनी सुलिव्हन हे नाव तुमच्या डेस्कवर कुणी ऐकलंय का माहीत नाही. कॅलिफोर्नियाचा माणूस, आधी लॉस एंजेलिस टाइम्स आणि मग ऑरेंज काउंटी रजिस्टर अशा दोन वर्तमानपत्रांत काम केलेला, म्हणजे अस्सल छापील पेपरवाला. नंतर मित्राबरोबर वेबसाइट बनवायच्या धंद्यात पडला आणि तिथे एका ग्राहकाने तक्रार केली की आपली साइट सर्च इंजिनात वर दिसत नाही, का? हे साल १९९६. गुगल कंपनी तेव्हा जन्मलीही नव्हती, ती १९९८ची. वेबक्रॉलर, लायकॉस, एक्साइट, इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा अशी सगळी मंडळी होती आणि यातलं कुठलं इंजिन पानं कशी उचलतं, वर कुणाला ठेवतं, हे कुणीही धड सांगत नव्हतं. दुसरा कुणी असता तर ग्राहकाला काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. याने काय केलं तर स्वतः पानं टाकून बघितली, कुठल्या इंजिनाचा रोबो (पानं गोळा करत फिरणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्रॉलर) कधी येतो, आला की किती पानं घेऊन जातो, किती दिवसांनी ती शोधात दिसायला लागतात हे टिपून ठेवलं आणि एप्रिल १९९६ला वेबमास्टर, म्हणजे साइट सांभाळणाऱ्या लोकांसाठी गाइड म्हणून नेटवर फुकट टाकून दिलं. वर्षभरात त्याचीच सर्च इंजिन वॉच ही साइट झाली. पुढे तर तो क्रॉलरच्या येण्याजाण्याचे आलेख काढायचा, हृदयाच्या ठोक्यांचा काढतात ना ईसीजी, तसे.

बीट, म्हणजे बातमीदाराचं ठरलेलं क्षेत्र, कशी जन्माला येते याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. संपादकाने दिलेली नाही, कंपनीने प्रेसनोट पाठवलेली नाही, एक साधा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं म्हणून स्वतः तपासायला बसला, बस्स.

आणि ही सवय किती कामाची आहे ते माझ्याच फजितीवरून सांगतो. एकदा एका ग्राहकाची साइट शोधातून रात्रीत गायब झाली. मी आधी होस्टिंगवाल्याला शिव्या घातल्या, मग अपडेट आलाय, अपडेट आलाय (म्हणजे गुगलने निकाल लावायची पद्धत बदलली) म्हणून ग्राहकाला दोन दिवस समजावत बसलो. तिसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तर रोबोट्सच्या फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे यायचं, कुठे नाही हे सांगणारी फाइल) टेस्टिंगच्या वेळी मीच टाकलेली "कुणालाही आत सोडू नका" ही ओळ तशीच राहिलेली. तेव्हापासून आधी फाइल बघतो, मग आकाशाकडे. हे शिकलो ते या लोकांचं वाचूनच, कारण ते "अपडेट आलाय असं वाटतंय" आणि "अपडेट आलाय" ही दोन वाक्यं कधी एक करत नाहीत.

पुढचं जरा भराभर सांगतो. सर्च इंजिन वॉच त्याने १९९७लाच एका मीडिया कंपनीला विकलं पण लिहीत तोच राहिला, तेही इंग्लंडातल्या एका खेड्यात बसून. १९९९ला या विषयावरची पहिली मोठी परिषद भरवली. २००५ साली ती साइट आणि परिषदा मिळून ४ कोटी ३० लाख डॉलरला दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. ज्याच्या नावावर हा सगळा डोलारा उभा होता त्याच्याशी नवीन कराराचं काही जमलं नाही आणि २००६च्या शेवटी तो बाहेर पडला. डिसेंबरात सर्च इंजिन लँड ही नवी साइट सुरू. पुन्हा पहिल्यापासून, फक्त या वेळी स्वतःची भागीदारी ठेवून. पत्रकाराने आपल्या नावाची किंमत उशिरा ओळखली म्हणायची.

आता त्याच्या कामातल्या दोनतीन गोष्टी, कारण तुमच्या चौकटीत कामाबद्दल एक अक्षर नाही.

एक म्हणजे जाहिराती. १९९८ला गोटू नावाचं इंजिन आलं, तिथे जो जास्त पैसे देईल तो वर, सरळ बोली. बाकीच्यांनीही मग पैसे घेऊन जागा द्यायला सुरुवात केली आणि वाचणाऱ्याला कळेना की खरा निकाल कुठला आणि विकत घेतलेला कुठला. २००१ला अमेरिकेत एका ग्राहक संघटनेने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली, जून २००२मध्ये कमिशनने सर्च कंपन्यांना पत्र पाठवून सांगितलं की पैसे घेतलेले निकाल वेगळे दिसले पाहिजेत. दहा वर्षांत ते सगळं हळूहळू पातळ झालं, जाहिरातीमागचा रंग फिका होत होत दिसेनासा झाला, तेव्हा २०१२ला सुलिव्हनने कमिशनला जाहीर पत्र लिहिलं की तुमचाच नियम पाळला जात नाहीये. २०१३ला कमिशनने कंपन्यांना पुन्हा पत्रं पाठवली. आता ती त्याच्याच पत्रामुळे गेली असं मी म्हणणार नाही, पण दहा वर्षं एका रंगाच्या छटेवर नजर ठेवून बसलेला माणूस होता म्हणून ती गोष्ट बोलली तरी गेली. जनरल रिपोर्टरला ती छटा दिसलीच नसती हो.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०११ची आणि ती मला अजून थरारक वाटते. गुगलला संशय होता की मायक्रोसॉफ्टचं बिंग आपले निकाल ढापतंय. मग त्यांनी सुमारे १०० शब्द घडवले, बहुतेक असे की ज्यांचा उच्चारही होणार नाही, आणि प्रत्येक शब्दाला शोधात मुद्दाम एक असंबद्ध पान चिकटवलं. एका शब्दाला तर लॉस एंजेलिसच्या एका थिएटरचा सीटिंग चार्ट. डिसेंबर २०१०मध्ये २० एक इंजिनिअरांना लॅपटॉप दिले, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बिंगचा टूलबार (ब्राउझरला जोडायची पट्टी) चालू ठेवून हे शब्द शोधा आणि तेच पान क्लिक करा म्हणून सांगितलं. दोनेक आठवड्यांत त्यातल्या ७ ते ९ शब्दांना बिंगवरही तीच पानं दिसायला लागली. ही बातमी फोडली सुलिव्हनने. जगभर गाजली. पण खरी गंमत नंतर आहे, त्याने तिथे थांबून "गुगलने चोर पकडला" असं म्हणून टाळ्या नाही घेतल्या, बिंगची बाजूही सविस्तर छापली की आम्ही १,००० हून जास्त गोष्टी मोजतो, टूलबार वापरणाऱ्यांचे क्लिक ही त्यातली एक आहे, आणि १०० पैकी ७-९ म्हणजे किती हेही वाचकासमोर ठेवलं. ज्याने बातमी हातात आणून दिली त्याचीच आरती ओवाळायची नाही हे किती जणांना जमतं, तुम्हीच सांगा.

त्याच महिन्यात गुगलने एक मोठा बदल केला, अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर परिणाम होईल असं कंपनीनेच सांगितलं, भरताड मजकूर छापणाऱ्या साइट झोपल्या. बदलाला नाव काही दिलं नव्हतं तर सुलिव्हनने आपलं "फार्मर" म्हणून टाकलं, अशा साइटना कंटेंट फार्म म्हणतात त्यावरून. नंतर कळलं की कंपनीच्या आत त्याला पांडा म्हणतात, एका इंजिनिअरच्या आडनावावरून, मग पांडाच रूढ झालं. २०१३ला हमिंगबर्ड नावाचा आणखी एक बदल, त्याची घोषणा २६ सप्टेंबरला जिथे कंपनी सुरू झाली त्या गॅरेजमध्ये पत्रकारांना बोलावून केली आणि तेव्हा सांगितलं की हे महिनाभर आधीच लागू झालंय! म्हणजे जग महिनाभर नव्या यंत्रावर शोधत होतं आणि कुणाला पत्ता नाही. अशा बीटवर प्रेसनोटची वाट बघत बसणारा काय कामाचा?

वाट न बघणारा माणूस बघायचा असेल तर बॅरी श्वार्ट्झ. डिसेंबर २००३पासून सर्च इंजिन राउंडटेबल ही साइट चालवतोय, पोटासाठी भावाबरोबर सॉफ्टवेअर कंपनी आहे, आणि रोज, खरोखर रोज, वेबमास्टर लोक कुठे काय ओरडतायत, रँकिंग मोजणारी टूल्स कुठे उसळतायत हे जमवून सांगतो की आज काहीतरी हललंय, कंपनीने दुजोरा दिलेला नाही. धार्मिक ज्यू असल्यामुळे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत तो कॉम्प्युटरला हात लावत नाही, आणि या धंद्यातल्या लोकांना ते इतकं पाठ झालंय की शनिवारी अपडेट आला तर बॅरी रात्री बघेल म्हणून वाट बघतात. तसाच बिल स्लॉस्की, २०२२मध्ये गेला बिचारा. कायदा शिकलेला, गुगलची पेटंटं ओळ न् ओळ वाचून साध्या भाषेत समजावायचा आणि दर वेळी बजावायचा की पेटंट घेतलं म्हणजे वापरतातच असं नाही. ही पण बातमीदारीच आहे, पत्रकार परिषद न घेता केलेली.

हे फक्त बीटवाल्यांनाच जमतं असंही नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. २०११लाच न्यूयॉर्क टाइम्सच्या एका बातमीदाराने, ज्याची ही रोजची बीट नव्हती, जेसी पेनी नावाच्या मोठ्या दुकानसाखळीकडे बघितलं की कपडे, फर्निचर, बॅगा काहीही शोधा, ही वर कशी? एका जाणकाराला सोबत घेतलं, तर हजारो फालतू पानांवरून, साइट वर यावी म्हणून पेरलेल्या लिंक सापडल्या. गुगलला विचारल्यावर संध्याकाळी ७ला "लिव्हिंग रूम फर्निचर"साठी पहिल्या नंबरवर असलेली साखळी रात्री ९ला ६८व्या नंबरवर. दोन तासांत! बातमी छापून यायच्याही आधी. प्रश्न विचारण्याची ताकद एवढी असते.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. जून २०१७ला सुलिव्हनने स्वतःच्या साइटचं काम सोडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गुगलमध्ये गेला, सर्चबद्दल लोकांशी बोलणारा कंपनीचा माणूस म्हणून. एकवीस वर्षं जो बाहेरून दार ठोठावत होता तो आतून दार उघडायला उभा. त्याला मी दोष देत नाही बरं का. एवढी वर्षं रोजचं मरमर लिहिल्यावर माणूस दमतो, आणि आत गेल्यावरही तो लोकांच्या तक्रारी गोळा करून इंजिनिअरांपर्यंत नेत होता हे मी स्वतः वाचलेलं आहे. पण बीटचं काय झालं? जो कंपनीचं म्हणणं तपासायचा तोच कंपनीचं म्हणणं सांगायला लागला आणि आम्ही वाचणारे सवयीने त्याच्यावर तेवढाच विश्वास ठेवत राहिलो. इथे आमचं चुकलं. त्याचा शब्द खरा वाटायचा तो त्याच्या स्वभावामुळे नाही, तो तपासून लिहायचा म्हणून, आणि प्रवक्त्याला तपासून सांगायची मुभा नसते, त्याला जेवढं ठरलंय तेवढंच सांगता येतं.

याचा हिशेब पुढे लागला. रँकिंगमध्ये क्लिक थेट वापरत नाही असं गुगलची माणसं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या शब्दांत सांगत आली होती. २०२३ला अमेरिकेत मक्तेदारीचा खटला उभा राहिला तेव्हा कंपनीचेच पांडू नायक साक्षीत नॅवबूस्टबद्दल बोलले, १३ महिन्यांच्या क्लिकवर चालणारी यंत्रणा. मे २०२४मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, अडीच हजार पानं, १४,०१४ नोंदी, त्यात "साइट ऑथॉरिटी" (म्हणजे अख्ख्या साइटची पत) नावाची नोंदसुद्धा, जी गोष्ट आमच्याकडे नाहीच असं सांगितलं जायचं. कंपनीने कागद खरे असल्याचं मान्य केलं, अर्धवट माहितीवरून निष्कर्ष काढू नका असंही म्हटलं, आणि तेही बरोबरच आहे, नोंद आहे म्हणजे तिला किती वजन आहे ते त्यातून कळत नाही. पण लक्षात घ्या, आमच्यासारख्यांना जे वीस वर्षं विचारूनही कळलं नाही ते शपथेवरच्या साक्षीतून आणि फुटलेल्या कागदांतून कळलं. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून गुगलच लावलेलं असावं म्हणून, म्हणजे डिफॉल्ट जागेसाठी, एका वर्षात, २०२१मध्ये, २६.३ अब्ज डॉलर मोजले जात होते हा आकडाही कोर्टातच बाहेर आला. म्हणजे या बीटवरच्या माणसाला आता एचटीएमएल कमी आणि कोर्टाचे कागद जास्त वाचता यायला हवेत.

ऑक्टोबर २०२४ला गुगलने आदल्या वर्षीच्या अपडेटमध्ये बुडालेल्या सुमारे २० छोट्या साइटवाल्यांना मुख्यालयात बोलावलं. सुलिव्हन तिथे होता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. परत आलेल्यांपैकी काहींनी लिहिलं की तुमच्या साइटमध्ये काही खोट नाही असं आम्हाला सांगितलं, पण गेलेले वाचक कधी परत येणार, येणार की नाही, याची हमी कुणी देईना. ते वाचताना मला सारखं वाटत होतं की १९९६चा सुलिव्हन या खोलीत अलीकडच्या बाजूला बसलेला असता तर पुढचा प्रश्न काय विचारला असता. २०२५मध्ये त्याने ते प्रवक्त्याचं कामही सोडलं, कंपनीत मात्र राहिला. आणि त्याने उभं केलेलं सर्च इंजिन लँड ज्या कंपनीचं होतं ती २०२४च्या ऑक्टोबरमध्येच सेमरशने घेतली, एसईओची टूल्स विकणारी कंपनी. तिथली माणसं अजूनही चांगलं काम करतात, मी रोज वाचतो म्हटलं ना. पण घेणारा त्याच बाजारातला.

खरं तर हा पेच पहिल्यापासूनच होता. परिषदांचे प्रायोजक कोण, तर ज्यांच्यावर लिहायचं तेच. सॅन होजेच्या परिषदेच्या वेळी गुगल आपल्या आवारात पार्टी द्यायचं, नाव "गुगल डान्स", दर महिन्याला निकाल खालीवर व्हायचे त्याला वेबमास्टर लोक हेच नाव द्यायचे त्यावरून. नाचायचं पण त्यांच्याकडेच आणि दुसऱ्या दिवशी लिहायचंही त्यांच्यावरच. शिवाय वाचक कुठून येणार, तर सर्चमधूनच! हा फास फक्त सर्चवर लिहिणाऱ्यांच्या गळ्यात नाही, तुमच्या पेपरच्या गळ्यातही आहे, म्हणून तर मी हे सर्चच्या लोकांना न लिहिता तुम्हाला लिहितोय. मे २०२४पासून निकालांच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं यायला लागली, पहिल्याच काही दिवसांत पिझ्झ्यावर चीज टिकावं म्हणून गोंद लावायचा सल्ला त्यात निघाला, सगळे हसले, तुम्हीही छापलंत. पण उत्तर वरच वाचून जो वाचक तुमच्या पानावर क्लिक न करता निघून गेला त्याची बातमी कुठे छापलीत?

माझं मागणं फार नाहीये. कीवर्ड बसवणाऱ्या मुलांना राहू द्या, त्यांचं काम त्यांनी करावं. पण एका तरी बातमीदाराला ही बीट द्या, आठवड्यातून दोन दिवस दिली तरी चालेल. पुढचा कोअर अपडेट (निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल) जाहीर होईल तेव्हा कंपनीची पोस्ट भाषांतर करून टाकू नका, त्याऐवजी त्याला तुमच्याच वेब टीमकडे पाठवा, गुगल साइटवाल्यांना देतं त्या सर्च कन्सोलमध्ये रोजचे क्लिक तारखेवार असतात, अपडेटच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे शेजारी ठेवायला सांगा, आणि इतर चारपाच छोट्या साइटवाल्यांकडूनही तेच मागायला सांगा, माझे हवे असतील तर मी देतो. आकडे पडले तर पडले म्हणून छापा, वाढले तर वाढले म्हणून छापा. आणि ती चौकट, तिची दुरुस्ती तेवढी या रविवारी येऊ द्या.

आपला,
वेबसाइट सांभाळणारा एक जुना वाचक